पृष्ठभागाची पाटी

चिकटमावशींना चिकटमावशी म्हटलेलं आवडायचं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला उगाच वाटायचं की कारखान्यातली माणसं बिचारीला नावं ठेवत होती. मावशींचा हात खर्चाला आखडता होता आणि एखाद्या गोष्टीच्या मागे लागल्या की त्या ती तडीला नेल्याशिवाय सोडत नसत, हेही खरंच. पण नाव पडलं ते कामावरून. प्लास्टिकला तांबं चिकटवणं हा त्यांचा उद्योग. ज्या बाईने न चिकटणाऱ्या गोष्टी चिकटवण्यात सव्वीस वर्षं घालवली, तिला चिकट म्हणणं म्हणजे तिचा सत्कारच.

आता प्लास्टिक म्हणजे बादली, कंगवा, डबा असलं प्लास्टिक नव्हे. या प्लास्टिकचा तोरा वेगळा. पिवळसर तपकिरी रंगाचा, कागदाहून पातळ असा त्याचा पट्टा मोठमोठ्या गुंडाळ्यांतून येतो. त्यावर सोल्डरिंगचं तापलेलं टोक टेकवलं तरी तो ढिम्म. दुसरं कुठलंही प्लास्टिक अशा वेळी पाणी पाणी होतं. म्हणून यंत्रांच्या आतल्या, जिथे फार तापतं अशा जागी याला मागणी. फक्त एक अडचण आहे. उष्णतेला दाद न देणारा हा गृहस्थ तांब्यालाही दाद देत नाही. वर तांब्याचा थर चढवलात तर चढवून घेतो, आणि दोन दिवसांनी खांद्यावरची शाल टाकावी तसा टाकून देतो.

त्याला माणसात आणायचं काम मावशींचं. त्यासाठी त्यांच्याकडे एक पोलादी पेटी होती, आडव्या कपाटाएवढी, समोर काचेची गोल खिडकी असलेली. पट्टा आत चढवायचा, झाकण लावायचं, पंपाने बारा मिनिटं आतली हवा ओढून घ्यायची, मग चिमूटभर वायू सोडून वीज द्यायची. की आत गुलाबी उजेड पडायचा. त्या उजेडात पट्ट्याची एक बाजू अशी काही खरवडून निघायची की डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नसे. पट्टा आत जाताना जसा, तसाच बाहेर येताना. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या.

मग काम झालं की नाही हे कळायचं कसं? तर कडेला पाण्याचा एक थेंब टाकायचा. थेंब गोल गोल होऊन ताठ उभा राहिला, तर बाजू कोरीच आहे. थेंब ऐसपैस पसरला, तर बाजू तयार आहे. मावशी पहिल्याला म्हणत “रुसलंय” आणि दुसऱ्याला म्हणत “बसलंय.” पुस्तकात यासाठी मोठमोठे शब्द आहेत म्हणे. असोत बापडे.

बसलेली गुंडाळी, तिला पावती लावून, त्याच दिवशी शेजारच्या खोलीत जायची. कारण पेटीची जादू चार दिवसांत उतरते. शेजारच्या खोलीत तांबोजी होते. तांब्याचा थर चढवणारे म्हणून तांबोजी. माणूस सरळ, अति सरळ. एकदा संध्याकाळी त्यांना कोणीतरी “जाताना दार लावून घ्या” म्हणालं. त्यांनी दार आतून लावून घेतलं आणि मग घरी कसं जायचं याचा विचार करत अर्धा तास उभे राहिले. सांगितलं तेवढं करायचं, हा त्यांचा बाणा होता आणि त्यांना त्याचा अभिमानही होता.

मावशी या कारखान्यात आल्या तेव्हा पॅकिंगला होत्या. दोन वर्षं त्यांनी खोकी चिकटवली. ते चिकटवणं वेगळं, त्यात डोकं लागत नाही, आणि मावशींना डोकं बाजूला ठेवून काम करायचा मनस्वी कंटाळा. थोरल्या साहेबांनी ते हेरलं आणि त्यांना पेटीपाशी नेलं. थोरल्या साहेबांना शुद्ध भाषेचा भारी सोस. त्यांनी पेटीच्या खोलीत स्वतःच्या हाताने रंगवून एक पाटी लावली होती:

“पृष्ठभागाला हात लावू नये. प्रक्रियेपूर्वी पृष्ठभाग स्पिरिटने पुसून कोरडा करावा.”

साहेबांच्या मनात पट्ट्याचाच पृष्ठभाग होता, यात शंका नाही. पण कारखान्यातल्या माणसांना एक शब्द आणि दोन अर्थ दिले, तर ती कुठला अर्थ उचलणार? पाटी लागली त्याच दुपारी खाली कोणीतरी खडूने लिहिलं, “कोणाच्या?” मावशींनी ते स्पिरिटने पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, “कोणाच्या?” असं सव्वीस वर्षं चाललं. लिहिणारे निवृत्त झाले, नवे आले, प्रश्न तोच राहिला. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी त्या पाटीपुढे उभं करून मोठ्याने वाचायला लावायचे. तो हसून हसून बेजार व्हायचा, आणि पट्ट्याला जन्मात उघड्या हाताने शिवायचा नाही.

मावशींच्या यजमानांचं शिवणकाम होतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कापायचं टेबल आणि इस्त्री. पेटीवर बदली झाली त्या दिवशी मावशी घरी येऊन आनंदाने म्हणाल्या होत्या, “अहो, आजपासून मला पृष्ठभाग पुसायचं काम दिलंय.”

यजमानांनी कात्री खाली ठेवली. “कोणाचा? साहेबांचा?”

“इश्श! प्लास्टिकचा.”

“प्लास्टिकचा?” यजमान आणखीच घाबरले. त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत आमटी तीनदा ऊन करावी लागली. शेजारच्या वहिनींना मात्र कधीच पटलं नाही. त्या शेवटपर्यंत “यांच्या मिसेस दवाखान्यात कामाला असतात” असंच सांगत राहिल्या.

पुढे थोरले साहेब घरी बसले आणि धाकटे साहेब आले. स्वभावाने गरीब, शिकलेले, पण लाजरे. जरा काही झालं की कान लाल. आल्या आल्या महिन्याभरात एका मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला आली. धाकट्या साहेबांनी त्यांच्यापुढे, सगळ्या कामगारांच्या देखत, लिहून आणलेलं भाषण वाचलं.

“आमच्याकडे पृष्ठभागाची विशेष काळजी घेतली जाते,” ते म्हणाले.

मागच्या रांगेत कोणीतरी फुसकन हसलं. साहेबांचा एक कान लाल झाला.

“आमच्या मावशी दररोज वीस पृष्ठभाग स्वतः तपासतात.”

संपलं. मागची रांग कोलमडली, मधली रांग तोंडात रुमाल कोंबून बसली, आणि पाहुण्यांपैकी एकजण खिडकीबाहेर बघत आतल्या आत हसू लागला. मावशी तेवढ्या सरळ बसून होत्या. आकडा बरोबर होता, हसण्यासारखं काय होतं त्यात?

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. “यापुढे कारखान्यात सदर शब्द वापरू नये. त्याऐवजी ‘वरची बाजू’ असे लिहावे व बोलावे.” आता सदर शब्द म्हणजे कुठला, हे साहेबांना लाजेपोटी लिहवलं नव्हतं. त्यामुळे पहिले दोन दिवस कोणालाच कळेना की बंदी नेमकी कशावर आहे. हिशेबनीस खबरदारी म्हणून “प्रक्रिया” म्हणायचे थांबले. पॅकिंगवाल्या बाईंनी “खोकं” सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी पाटी भिंतीवरून उतरली तेव्हा उजेड पडला. मावशींना वाईट वाटलं, पण साहेबांचा हुकूम. गुंडाळीच्या पावतीवर त्या आजवर “प्रक्रिया केलेल्या पृष्ठभागावर तांबे” असं लिहीत. त्या आता “वरच्या बाजूवर तांबे” असं लिहू लागल्या.

आणि तांबं सुटायला लागलं.

सगळंच सुटलं असतं तर बरं झालं असतं, काहीतरी बिघडलंय एवढं तरी कळलं असतं. पण इथे एक गुंडाळी उत्तम, तर दुसरीचं तांबं उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसं निघून यायचं. गिऱ्हाइकाने आठ गुंडाळ्या परत पाठवल्या, सोबत एक पत्र, आणि पत्रात “खेद” हा शब्द चार वेळा. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पेटी तपासून घेतली, ठणठणीत. वायू तपासला, शुद्ध. स्पिरिट तपासलं, चोख. राहता राहिला मावशींचा हात.

साहेबांनी मावशींना बोलावलं, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मावशी तेव्हाच समजल्या की बातमी वाईट आहे.

“मावशी, वय कोणाला चुकलंय?” साहेब टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले. “नजर थोडी... हात थोडा... गुरुवारी गिऱ्हाइकाच्या तपासनीस बाई येतायत. त्यांच्यासमोर तांबं टिकलं तर प्रश्नच नाही. नाहीतर एक तारखेपासून तुम्ही पॅकिंगला बसा. बसून काम. आराम.”

“आराम मी मागितला होता का?” मावशी म्हणाल्या.

साहेबांचे दोन्ही कान लाल झाले, पण खिशात तयार असलेला बदलीचा कागद काही त्यांनी मागे घेतला नाही.

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि खरं सांगायचं तर त्या आतून घाबरल्याही. सव्वीस वर्षांनंतर पुन्हा खोकी? जिथून निघालो तिथेच परत, आणि तेही हात कामातून गेला असा शिक्का घेऊन? सोमवारी त्यांनी हाताला क्रीम लावणं सोडलं. मंगळवारी एकावर एक असे दोन हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं. पेटीच्या खोलीत शिंकायचं नाही, तेल लावलेल्या डोक्याने यायचं नाही, पट्ट्याकडे तोंड करून बोलायचं नाही, असे नियम काढले. त्यामुळे भेटायला आलेल्या माणसांना मावशींशी भिंतीकडे तोंड करून बोलावं लागे. प्रत्येक गुंडाळीवर त्या एकाऐवजी तीन-तीन थेंब टाकत. सगळे पसरत. प्रत्येक गुंडाळी बसलेली. आणि पलीकडे जाऊन तांबं चढवून आल्या की त्यांतली एखादी रुसलेली. मावशींनी डोक्याला हात लावला.

बुधवारी संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा यजमान पडदे शिवत होते. कापड टेबलावर पसरलं होतं.

“अगं, जरा या पडद्यावर खडूने रेघ मार,” ते म्हणाले, “माझे दोन्ही हात अडकलेत.”

“कुठे मारू?”

“कडेपासून चार बोटं.”

“वरच्या बाजूला मारू ना?” मावशींच्या तोंडात आता तेच बसलं होतं.

“वरची बाजू म्हणजे कुठली?”

“ही. वर आहे ती.”

“अगं बाई, आत्ता ही वर आहे. मी कापड उलटलं की ती वर. कापडाला काय वरची बाजू असते का? सुलटी असते नि उलटी असते. वरची-खालची टेबलाची भाषा झाली, कापडाची नव्हे. असं बोललो असतो तर अर्ध्या गावाच्या पँटींचे खिसे बाहेर आले असते.”

मावशी खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग त्या खाली बसल्या. मग पुन्हा उठल्या.

“काय झालं? बरं वाटत नाही का?” यजमान घाबरले.

“अहो,” मावशी म्हणाल्या, “तांबोजी!”

“तांबोजी काय?”

“दार आतून लावून घेणारा माणूस आहे हो तो!”

यजमानांना काहीही कळलं नाही. पण लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाने मान डोलवावी तशी त्यांनी डोलवली. रेघ शेवटी त्यांनीच मारली.

गुरुवारी सकाळी मावशी हजेरी लावून तडक तांब्याच्या खोलीत गेल्या.

“तांबोजी, तुम्ही गुंडाळी मशीनवर चढवता ती कशी?”

“पावतीवर लिहिलंय तशी. वरच्या बाजूवर तांबं.”

“आणि वरची बाजू कुठली, हे कसं ठरवता?”

तांबोजींना प्रश्नाची कीव आली. “वर असते ती.”

“आणि पूर्वी काय करत होता?”

“पूर्वी तुम्ही ‘प्रक्रिया केलेल्या सदर शब्दावर तांबे’ असं लिहायचात.” परिपत्रक निघाल्यापासून त्यांनी तो शब्द तोंडातून काढला नव्हता. “मग मला थेंब टाकून तो सदर शब्द शोधायला लागायचा. आता शोधायचं कशाला? वर आहेच की!”

मावशींनी कपाळावर हात मारला, हातमोज्यासकट. गुंडाळी इकडून तिकडे नेताना कधी सरळ ठेवली जाई, कधी उलटी. सरळ आली की तांबं तयार बाजूवर, उलटी आली की कोऱ्या बाजूवर. तांबोजींची काही चूक नव्हती. त्यांना सांगितलं तेवढं त्यांनी केलं होतं.

हे साहेबांना सांगायला त्या धावत निघाल्या, पण तोवर तपासनीस बाई येऊन पोचल्या होत्या. उंच, चष्म्याच्या, हातात पट्टा ओढून बघायचं लहानसं यंत्र. कोणाला नमस्कार-चमत्कार करायच्या आधीच त्यांनी तयार गुंडाळ्यांच्या चळतीतून मधलीच एक गुंडाळी काढली, बोटाएवढी पट्टी कापली, तांब्याचं टोक चिमट्यात पकडलं आणि यंत्र सुरू केलं. काटा जागचा हलला न हलला तोच तांबं सुळ्ळकन निघून आलं. बाईंनी चष्म्यातून साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मावशींकडे बघितलं. खिशातला बदलीचा कागद त्यांच्या हातात आला होता.

“थांबा,” मावशी म्हणाल्या. “बाई, ही गुंडाळी मागच्या बाजूने बघा. म्हणजे असं झालंय की, वरची बाजू खाली गेली, म्हणून खालची वर आली. मग वरची समजून त्यांनी खालच्या वरच्या बाजूवर...”

“एक मिनिट. कुठली वरची?” तपासनीस बाई म्हणाल्या.

“वर असते ती,” तांबोजींनी दारातून मदत केली.

“नाही हो! वरची म्हणजे माझ्याकडे वर होती ती. यांच्याकडे ती खाली. मग यांची वरची ती माझी खालची, आणि माझी वरची...”

बाईंनी वही मिटली. “इतकं गोल गोल का बोलताय? सरळ पृष्ठभाग म्हणा ना!”

सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी छताकडे बघितलं.

मावशींनी मग बोलणंच सोडलं. त्यांनी ती गुंडाळी उलटी केली, आणि तांबं नसलेल्या, मोकळ्या पाठीवर पाण्याचा थेंब टाकला. थेंब ऐसपैस पसरला. तपासनीस बाई वाकल्या. आणखी एक थेंब त्यांनी स्वतः टाकला. तोही पसरला.

“म्हणजे तयारी पाठीची केलीत,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि तांबं पोटावर चढवलंत.”

“तेच तर सांगतेय मघापासून!”

मावशींनी नवीन गुंडाळी पेटीतून काढली, पावतीवर मोठ्या अक्षरात जुना शब्द लिहिला आणि तांबोजींना दिली. तांबोजींनी आधी साहेबांकडे बघितलं, परवानगी आहे का म्हणून. साहेबांनी मान हलवली. तांबोजींनी थेंब टाकून बाजू शोधली आणि तांबं चढवलं. त्याला दोन तास लागले. त्या दोन तासांत मावशींनी चहाचे तीन कप घेतले आणि एकही संपवला नाही.

मग बाईंनी पट्टी कापली, चिमट्यात धरली, यंत्र सुरू केलं. काटा चढत गेला. चढतच गेला. शेवटी टर्रकन आवाज झाला. मावशींनी डोळे मिटून घेतले.

“फाटलं,” तपासनीस बाई म्हणाल्या.

“फाटलं?” साहेबांचा आवाज चिरकला.

“प्लास्टिक फाटलं. तांबं सुटलं नाही.” आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलल्यासारखं झालं. “याहून चांगलं मी आजवर बघितलेलं नाही. हा हात कोणाचा?”

कोणी उत्तर देण्याची गरज नव्हती, कारण मावशी रडत होत्या. दोन हातमोजे असल्यामुळे त्यांना डोळेही धड पुसता येत नव्हते.

बाईंनी वही उघडली. “आधीच्या आठ गुंडाळ्या खराब झाल्या त्याचं कारण मला लिहावं लागेल. काय लिहू?”

साहेब उभे राहिले. कान तर लाल होतेच, आता मानही झाली. पण या वेळी त्यांनी छताकडे बघितलं नाही.

“लिहा,” ते म्हणाले, “की पृष्ठभाग म्हणायची मालकांना लाज वाटली.”

दारात गोळा झालेली सगळी मंडळी खो खो हसली. तपासनीस बाईंनी लिहिता लिहिता वर बघितलं. “हे असंच लिहू?”

“असंच लिहा. आणि पुढे हेही लिहा, की त्याचा दोष त्यांनी मावशींच्या हाताला दिला.”

यावर कोणी हसलं नाही. साहेबांनी बदलीचा कागद फाडला आणि तुकडे कुठे टाकायचे ते न सुचून पुन्हा खिशात कोंबले. मावशींना काय वाटलं ते शब्दांत सांगायचं तर फार बरं वाटलं, एवढंच. सव्वीस वर्षांत इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

“पाटी उद्या परत लावू,” साहेब म्हणाले. “पण मावशी, लोक पुन्हा हसणार हो.”

“हसू द्या की! हसतात म्हणजे वाचतात. तुमच्या परिपत्रकाला कोणी हसलं होतं का?”

“नाही.”

“मग?” मावशींनी नवे हातमोजे चढवले. “आता जरा बाजूला व्हा, साहेब. मला झाकण लावायचंय.”